तान्ह्या बाळांची आणि विशेष गरजा असलेल्या मुलांची निगा : अनुभवी बालशिक्षिकेने पुढचे प्रशिक्षण कोणते आणि कसे घ्यावे?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सात वर्षे शिकवत असलेल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. त्यांच्या केंद्रात आता एक वर्षाखालील बाळांचा गट सुरू होत आहे आणि पहिल्याच तुकडीत डाउन सिंड्रोम (एका जादा गुणसूत्रामुळे येणारी जन्मजात स्थिती) असलेल्या पाच महिन्यांच्या एका बाळाचा प्रवेश ठरला आहे. त्यांच्याकडे बालशिक्षणाची पदविका आहे आणि वर्गाचा अनुभवही आहे. मग वेगळ्या प्रशिक्षणाची खरोखर गरज आहे का. असल्यास तान्ह्या बाळांच्या संगोपनाचे प्रशिक्षण आधी घ्यावे की समावेशक शिक्षणाचे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना इतर मुलांसोबतच सामावून घेण्याचे. आणि अभ्यासक्रम चांगला आहे हे प्रवेश घेण्यापूर्वी कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी चोवीस वर्षे तान्ह्यांच्या खोलीत काम करत आले आहे आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे शिक्षिकांच्या प्रशिक्षणातही आहे. त्या अनुभवावरून तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देते. वेगळ्या प्रशिक्षणाची गरज आहे. आधी तान्ह्यांचे प्रशिक्षण घ्यावे आणि त्याला जोडूनच, फार खंड न पाडता, समावेशक निगेचे. अभ्यासक्रम पारखताना एकच गोष्ट सर्वांत आधी विचारावी : तुम्ही बाळाला पाजत असताना, त्याचे कपडे बदलत असताना, त्याला झोपवत असताना एखादी जाणती व्यक्ती शेजारी थांबून तुमचे हात किती तास पाहणार आहे? बाकी सारे यानंतर येते. असे का म्हणते, ते आता सविस्तर सांगते.

तीन ते सहा वयोगटासाठीचे प्रशिक्षण हे मूल बोलते, चालते आणि थोडा वेळ का होईना गटात बसते, असे धरून रचलेले असते. गोष्टी, गाणी, चित्रे, खेळाचे कोपरे, दिवसाचे वेळापत्रक, सारे त्याच गृहीतकावर उभे असते. पाच महिन्यांचे बाळ यांपैकी काहीच करत नाही. त्याचा दिवस झोप, दूध, लंगोट आणि या तिन्हींच्या मधले जागेपणाचे लहान लहान तुकडे यांत वाटलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप हवी असते. म्हणजे बाळ आठ तास तुमच्याकडे असले, तर त्यातले दोन-तीन तास ते झोपेल आणि उरलेल्या वेळेचा मोठा भाग त्याला पाजण्यात, पुसण्यात, कपडे बदलण्यात जाईल. मोठ्या मुलांच्या वर्गातून आलेल्या शिक्षिकेला सुरुवातीला वाटते, की ही कामे झटपट आवरली म्हणजे मग शिकवायला वेळ मिळेल. तिच्या विचारात पहिली आणि सर्वांत अवघड उलथापालथ व्हावी लागते ती इथेच, कारण त्या वयाचे शिकणे मुख्यतः याच कामांच्या वेळी घडते. दिवसातून चार वेळा लंगोट बदलला आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तरी वर्षाला १०५६ वेळा तुम्ही त्या एका बाळाशी समोरासमोर, मध्ये दुसरे कुणी नसताना बोलता. मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलाशी शिक्षिकेचा एवढ्या वेळा आणि एवढ्या जवळून संबंध येणे जवळपास अशक्य असते.

हे काम शिकवता येते, आणि ते बारकाईने शिकवावे लागते, हे हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी दाखवून दिले. १९४६ साली त्यांनी बुडापेस्टमध्ये आईवडिलांपासून दुरावलेल्या बाळांसाठी एक निवासी बालगृह उभे केले. तिथे निगा राखणाऱ्या स्त्रियांना बाळाला उचलण्यापासून आंघोळ घालण्यापर्यंतची प्रत्येक कृती शिकवली जाई : हात कुठे ठेवायचा, उचलण्याआधी बाळाला काय सांगायचे, त्याच्या अंगात तयारी दिसेपर्यंत किती थांबायचे. जी स्थिती बाळाला आपली आपण घेता येत नाही, त्या स्थितीत त्याला बसवू किंवा उभे करू नये, हे त्यांचे दुसरे सूत्र होते. या सूत्राकडे मी पुढे परत येणार आहे, कारण विशेष गरजा असलेल्या बाळांच्या बाबतीत नेमका तिथेच पेच पडतो.

माझ्या प्रशिक्षणवर्गात पहिले दोन आठवडे आम्ही जवळजवळ केवळ लंगोट बदलण्यावर घालवतो. प्रशिक्षणार्थींना हे आधी अपमानास्पद वाटते. पण चित्रफीत लावून पाहू लागल्यावर खोलीत शांतता पसरते. बाळ छताकडे पाहत असताना अचानक मागून दोन हात येतात आणि ते उचलले जाते. त्याचे हात झटका बसल्यासारखे फाकतात. ताई सहकारिणीशी बोलत बोलत बाही ओढते. बाळ पाय उचलायच्या बेतात असतानाच तिने पाय धरून वर केलेले असतात. यात क्रूरपणा कुठेच नसतो, केवळ घाई असते. नंतर तीच प्रशिक्षणार्थी बाळाच्या नजरेच्या टप्प्यात बसते, त्याचे नाव घेते, हात पुढे करून ‘आता तुला उचलते’ असे म्हणते आणि तीन-चार सेकंद थांबते. पहिल्या दिवशी काही होत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी तेच बाळ खांदे किंचित उचलून तयार होऊ लागते. ही तयारी म्हणजे संवादातली त्याची पाळी असते. पुढे भाषा म्हणून जे येते, त्याची बैठक इथे तयार होत असते, आणि हे थांबणे अंगवळणी पडलेले नसेल, तर ज्या बाळाला प्रतिसाद द्यायला चौपट वेळ लागतो, त्याचा प्रतिसाद तुम्हाला कधी दिसणारच नाही.

तान्ह्यांच्या प्रशिक्षणाचा दुसरा मोठा भाग नात्याचा आहे. बाळाच्या जवळच्या माणसांशी असलेल्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या कामानंतर हे सर्वमान्य झाले, की बाळ घाबरले, थकले किंवा दुखावले असता ठरावीक मोजक्या माणसांकडे आसरा शोधते आणि त्या माणसांच्या भरवशावरच भोवतालचे जग धुंडाळायला निघते. केंद्रात याचा अर्थ असा, की प्रत्येक बाळाची एक ठरलेली ताई असावी. शक्यतो तिनेच त्याला पाजावे, तिनेच झोपवावे, आणि ती रजेवर असेल तेव्हा कोण, हेही आधीच ठरलेले व बाळाला ओळखीचे असावे. एका ताईकडे तीन, फार तर चार बाळे असली तरच हे जमते. ज्या केंद्रात ‘सगळ्या ताया सगळ्या बाळांच्या’ असे अभिमानाने सांगितले जाते, तिथे बाळ कुणाचेच नसते, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातील प्रयोग मी प्रत्येक तुकडीला समजावून सांगते. आई बाळाशी हसत-बोलत असते आणि मग सांगितल्यावरून दोन-तीन मिनिटे निर्विकार चेहऱ्याने नुसती त्याच्यासमोर बसते. बाळ आधी हसून पाहते, आवाज काढते, हात पुढे करते, आणि काहीच साधत नाही असे दिसल्यावर मान फिरवते, हिरमुसते, रडू लागते. दमलेल्या, फोनमध्ये किंवा नोंदवहीत डोके घातलेल्या ताईचा चेहरा बाळाला तसाच दिसतो. म्हणून तिच्या विश्रांतीची आणि पाळ्यांची व्यवस्था हाही प्रशिक्षणाचा विषय आहे. रडणे साधारणपणे बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते, आणि न थांबणाऱ्या रडण्याने ज्यांचा संयम सुटतो ती माणसे बहुधा एकटी आणि थकलेली असतात. ‘मला आत्ता जमत नाही, तू घे’ हे वाक्य सहकारिणीला न लाजता म्हणता आले पाहिजे. कुणीच नसेल तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन पावले मागे जाता आले पाहिजे. बाळाला जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकते किंवा कायमचे अपंग होऊ शकते, हे माहीत असणे पुरेसे नाही. त्या क्षणी काय करायचे याचा सराव झालेला असावा लागतो.

सुरक्षिततेचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेक अभ्यासक्रमांत बरा शिकवला जातो. बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, जाड पांघरूण व मऊ खेळणी न ठेवता झोपवावे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे झोपवू नये अशी शिफारस केली आणि पुढच्या सुमारे दहा वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घरी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला केंद्रात ‘पालथे छान झोपते’ म्हणून पहिल्यांदाच तसे झोपवणे विशेष धोक्याचे असते. घास किंवा वस्तू अडकून गुदमरलेल्या एक वर्षाखालील बाळाला पोट दाबण्याची मोठ्यांची पद्धत वापरत नाहीत. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब आलटून पालटून देतात. श्वास व हालचाल बंद पडली आणि मदतीला दुसरे कुणी नसले, तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती सुमारे चार सेंटिमीटर दबेल असे ३० दाब आणि मग दोन श्वास. हे सारे बाहुलीवर करून शिकावे आणि प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत वाट न पाहता दर काही महिन्यांनी पुन्हा करून पाहावे.

आता निरीक्षणाकडे येते, कारण तान्ह्यांची निगा आणि समावेशक निगा यांना जोडणारा धागा तोच आहे. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे सहा महिन्यांचा एक मुलगा होता. दारावरची थाप, शेजारच्या बाळाचे रडणे, कशानेच त्याची झोप मोडत नसे. आम्ही त्याला गुणी बाळ म्हणत असू आणि त्याच्या आईलाही कौतुकाने तसेच सांगत असू. मी खोलीत आले की तो वळून पाही, त्यामुळे त्याच्या ऐकण्याविषयी मला शंका आली नाही. खोलीची जमीन लाकडी होती आणि पावलांची थरथर त्याला पाठीखाली जाणवत होती, हे मला खूप उशिरा उमगले. इतर बाळे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओढू लागली, तेव्हा त्याचे हुंकार उलट कमी होत गेले. दहाव्या महिन्यात तपासणी झाली आणि दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. नवजात बाळांच्या बाबतीत मान्य असलेले उद्दिष्ट असे आहे, की पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत. त्या बाळाचे चार मोलाचे महिने माझ्या डोळ्यांदेखत गेले आणि मी रोज त्याच्यासोबत होते. त्यानंतर ‘गुणी’, ‘हट्टी’, ‘आळशी’ हे शब्द मी नोंदवहीतून काढून टाकले.

चांगले प्रशिक्षण तुम्हाला नोंद लिहायला शिकवते. ‘बाळ दिवसभर चिडचिड करत होते’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. ‘१०.२० ला पाजायला घेतले, तीन मिनिटांत तीन वेळा तोंड बाजूला केले, कपाळावर घाम, दहा मिनिटांत थकून झोपले, नेहमीच्या निम्मे दूध’ ही नोंद डॉक्टरांच्या हातात पडली, तर हृदयाच्या तपासणीचा निर्णय त्याच दिवशी होऊ शकतो. कोणत्या खुणा टिपायच्या, हेही शिकावे लागते. एक वर्षाच्या आतले बाळ सतत एकच हात पुढे करत असेल, तर ते डावरे किंवा उजवे आहे असे समजू नये. दुसऱ्या हातात अशक्तपणा असण्याची शक्यता असते. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यावर न वळणे, बोटाने दाखवणे-मागणे न दिसणे, आणि कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे, या गोष्टी वाट न पाहता पालकांशी बोलण्याच्या आहेत. तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान, बहुधा झोपेतून उठताना, डोके व हात पुढे झुकवणारे लहानसे झटके ओळीने येऊ लागले, तर ते पोटदुखी किंवा दचकणे समजून सोडू नये. ती एक गंभीर प्रकारची आकडी असू शकते, तिच्यावरील उपचाराला काही दिवसांचा उशीर झाला तरी फरक पडतो, आणि ती अनेकदा प्रथम दिसते ती बाळाजवळ बसलेल्या ताईलाच. पालकांच्या परवानगीने चित्रफीत काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगावे.

याच्या उलट बाजूची चूकही टाळायला हवी. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित जन्मतारखेपासून मोजतात. अडीच महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने साडेपाच महिन्यांचे असते, आणि ते अजून बसत नाही म्हणून पालकांना घाबरवण्याचे कारण नसते.

शंका आली की ती बोलायची कशी, यावर मी प्रशिक्षणात पूर्ण दोन दिवस ठेवते आणि तेही कमी पडतात. निदान करणे हे आपले काम नाही, म्हणून आजाराचे किंवा स्थितीचे नाव आपल्या तोंडून जाऊ नये. पण निदान आपले नाही, या सबबीखाली गप्प बसणे हा त्याहून मोठा दोष आहे. जे पाहिले ते तारीख-वेळेसह सांगावे, घरी काय दिसते ते विचारावे, उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि पुढची पायरी कोणती ते स्पष्ट सांगावे. ‘गेल्या दोन आठवड्यांत मी नऊ वेळा मागून नाव घेऊन हाक मारली, त्यातून एकदाच तो वळला, घरी कसे आहे?’ या वाक्यात आरोप नाही आणि पळवाटही नाही. ही भेट दाराशी, बाळाला सोपवता सोपवता उरकू नये.

आता समावेशाकडे. विशेष गरजांच्या शिक्षणावरील जागतिक परिषदेत मंजूर झालेले १९९४ चे सालामांका निवेदन आणि संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार यांनी समावेशक शिक्षण हा हक्काचा विषय केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार अपंगत्व हे एकट्या शरीरात राहत नाही. शरीराची स्थिती आणि भोवतालची रचना यांच्या देवाणघेवाणीतून ते कमी किंवा अधिक होते. तान्ह्यांच्या खोलीत हे वाक्य फार ठोस होते. बाळाला जमिनीवर इतरांच्या नजरेच्या पातळीला ठेवले आहे की सोयीसाठी कोपऱ्यातल्या खुर्चीत? खेळणे त्याच्या हाताच्या टप्प्यात आहे का? ते हातात मावेल एवढे बारीक आणि हलके आहे का? खिडकीचा झोत त्याच्या डोळ्यांवर येतो का? दूरचित्रवाणी किंवा गाणी सतत चालू असल्याने श्रवणयंत्रातून सगळा गोंगाटच त्याच्या कानात जातो का? प्रवेश देणे म्हणजे समावेश नव्हे. ते बाळ दिवसातल्या कोणत्या प्रसंगात खरोखर सहभागी होते, हे लिहून काढले की चित्र स्पष्ट होते.

मघाचा पेच इथे येतो. पिकलर यांचे सूत्र सांगते, की बाळाला आधार देऊन बसवू नये. फिजिओथेरपिस्ट मात्र स्नायूंचा ताण कमी असलेल्या बाळासाठी सांगतात, की कमरेला आधार देऊन थोडा वेळ बसवा, म्हणजे त्याचे हात मोकळे होतील आणि ते खेळू शकेल. अर्धवट प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका इथे दोन तट करतात. मला वाटते, दोन्ही सूत्रांचा हेतू एकच आहे : बाळाला आपल्या शरीराचा वापर करून जगाशी काही करता यावे. ज्या बाळाला काही आठवड्यांत आपले आपण बसता येणार आहे, त्याच्यापासून आधार देऊन आपण त्याची धडपड हिरावून घेतो. ज्याला गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यातच सारी शक्ती घालवावी लागते, त्याला योग्य आधार दिला तर त्याची धडपड हातांपर्यंत आणि नजरेपर्यंत पोहोचते. कोणते बाळ कोणत्या क्षणी कुठे आहे, हे ओळखण्यासाठी आधी सर्वसाधारण बाळाची हालचाल अंगी मुरावी लागते : ते कुशीवर कसे वळते, खांदा आधी येतो की कंबर, कोपरावर भार कधी घेते. तान्ह्यांचे प्रशिक्षण आधी घ्या, असे मी म्हणते ते यासाठी. आधार कसा द्यायचा हे मात्र त्या बाळाच्या थेरपिस्टकडूनच शिकावे, आणि किती वेळ तेही विचारावे. कारण कोणत्याच बाळाला सलग एक तासाहून अधिक काळ बांधून बसवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

थेरपिस्टच्या भेटीचा वापर कसा करायचा, यावरून अनुभवी शिक्षिका ओळखता येते. थेरपिस्ट आठवड्यातून एक तास येते. बाळ तुमच्याकडे चाळीस तास असते. तो एक तास बाळाला वेगळ्या खोलीत नेऊन व्यायाम करून घेण्यात गेला, तर उरलेले एकोणचाळीस तास तसेच राहतात. तिला तुमच्या खोलीत, तुमच्या नेहमीच्या कामांच्या वेळी बोलवावे. लंगोट बदलताना खेळणे कोणत्या बाजूला धरले तर ते शरीराची मध्यरेषा ओलांडून हात दुसऱ्या बाजूला नेईल, पाजताना हनुवटीला आधार द्यायचा की नको, उचलताना कोणत्या कुशीवरून वळवायचे, असे प्रश्न विचारावेत. एक हालचाल चार कामांत पेरली गेली, की दिवसात ती पंधरा-वीस वेळा होते आणि बाळाला त्याचा ‘व्यायाम’ म्हणून त्रास होत नाही. नळीने दूध देणे, घशातला स्राव यंत्राने काढणे यांसारखी वैद्यकीय कामे मात्र सर्वसाधारण अभ्यासक्रमातून शिकून करू नयेत. त्यासाठी त्या विशिष्ट बाळापुरते, त्याच्या वैद्यकीय पथकाने दिलेले प्रशिक्षण आणि लेखी योजना लागते.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील विषयांची यादी फार उपयोगी पडत नाही, कारण ती सर्वांची सारखीच असते. संस्थेला प्रत्यक्ष कामाच्या तासांविषयी विचारा. ते तास एकाच केंद्रात, त्याच तीन-चार बाळांसोबत सलग काही महिने आहेत की दर आठवड्याला नवे ठिकाण आहे? माझ्या मते दुसऱ्या प्रकारात काहीच पदरात पडत नाही. तीन महिने एकाच बाळाचे बदल पाहिल्याशिवाय विकास या शब्दाचा अर्थ कळत नाही. मूल्यमापन करणारी व्यक्ती स्वतः तान्ह्यांच्या खोलीत काम केलेली आहे का, ते विचारा. तुमच्या कामाच्या चित्रफिती पाहून चर्चा होते का? दिव्यांग मुलांचे पालक शिकवायला येतात का, की त्यांच्याविषयी केवळ बोलले जाते? समावेशक भागातले प्रात्यक्षिक सर्वसाधारण मुलांसोबतच्या गटात आहे की केवळ विशेष शाळेत? विशेष शाळेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण तिथे मिळालेले कौशल्य मिश्र गटात आपोआप उतरत नाही. वाचनाचा आणि व्याख्यानांचा भाग ऑनलाइन झाला तरी हरकत नाही. हातांचा भाग तसा होऊ शकत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या बाळासाठी मात्र अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून प्रवेशाआधीच्या आठवड्यांत करण्याच्या काही गोष्टी सांगते. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी सुमारे निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो आणि कानांचे विकारही बरेच आढळतात. तेव्हा हृदयाची व श्रवणाची तपासणी झाली आहे का, आणि डॉक्टरांनी काही मर्यादा सांगितल्या आहेत का, हे पालकांच्या संमतीने लेखी मागवून घ्या. स्नायू सैल आणि सांधे लवचीक असल्याने त्याला हात धरून ओढून उचलू नका. मान आणि कंबर दोन्ही सांभाळून, कुशीवर वळवून उचला. ओठ किंवा जीभ निळसर दिसणे, पाजताना दम लागणे, घाम येणे या गोष्टी घडल्या तर कुणाला आधी फोन करायचा, हे कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि बदली ताईला वाचून दाखवा. शब्दांसोबत मोजक्या हातखुणा आतापासून वापरू लागा, आणि त्या खोलीतल्या सगळ्याच बाळांशी वापरा. बोलणे उशिरा येणाऱ्या बाळाला त्या आधीच उपयोगी पडतात आणि इतरांचे त्याने काहीच बिघडत नाही.

आणि पहिल्या दिवसाच्या आधी किमान तीन वेळा त्याच्या आईला खोलीत बोलवा. तिला सूचना देऊ नका. ती बाळाला पाजत असताना जवळ बसा आणि तिने बाटली कोणत्या कोनात धरली आहे, ती किती वेळाने थांबते, ते कोणत्या हालचालीने ‘पुरे’ म्हणते हे पाहा. तिसऱ्या भेटीत बाटली तुमच्या हातात घ्या आणि तिला पाहू द्या. तुम्ही घाई करत असाल, तर ते तिला तुमच्याआधी दिसेल. ‘माझे काही चुकत असेल तर सांगा’ असे तिला स्पष्ट विचारा आणि ती जे सांगेल ते त्याच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.